बिब्बा उतलेला नवरदेव

"घरी घेऊन जा," डॉक्टर म्हणाले. "त्यांना आवडेल ते खाऊ घाला. आता औषधापेक्षा तेच बरं."

अकोल्याच्या दवाखान्यातली ती खोली लहान होती. माझी बायको द्वारका पडद्यापलीकडे साडी नीट करत होती. डॉक्टरांनी आवाज हळू केला होता, पण पडद्यातून सगळं ऐकू जातं. ती बाहेर आली, डॉक्टरांना नमस्कार केला आणि मला म्हणाली, "चला. पातूरला चहा घेऊ."

गाडी आमचा मुलगा सुभाष चालवत होता. पातूर आलं. घाट चढायच्या आधी एक टपरी आहे, तिथे तो थांबला. द्वारकेनं चहाचा ग्लास पदरात धरला, दोनदा फुंकर मारली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "एक बरं झालं बाप्पा. आता तुमचं खाजवणं तरी थांबन."

मला इतक्या जोरात हसू आलं की चहा नाकात गेला. तीही हसायला लागली. टपरीवाला बघत राहिला.

सुभाषला राग आला. "बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते कळलं ना तुम्हाले?"

"कळलं त्याइले," द्वारका म्हणाली. "म्हणून तर हासले."

सुभाषला ही गोष्ट माहीत नाही. सांगायची वेळच आली नाही. ती आता सांगतो.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. वाशीमला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. घरात मी आणि माय, दोघंच. हिवाळा लागला की मायच्या टाचांना अशा भेगा पडत की ज्वारीचा दाणा आत जावा. त्यावर तिचं औषध एकच, बिब्बा. सुईच्या टोकाला बिब्बा खोचायचा, दिव्यावर धरायचा आणि तेल सुटलं की एकेक थेंब भेगेत सोडायचा. चटका बसला की माय "आई गं" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी नीट चालायची.

हा बिब्बा ती तुळशीराम नावाच्या माणसाकडून घ्यायची. तो पांगरखेडचा. पांगरखेड हे डोंगराकाठचं गाव. तिथे घरोघरी बाया बिब्बे फोडतात. बिब्ब्याचं टरफल काळं असतं आणि त्या टरफलात तेल असतं. ते अंगाला लागलं की जाळतं, कपड्याला लागलं की डाग जन्मात जात नाही. पण आतून बी निघते ती गोडंबी, बदामासारखी गोड. बाळंतिणीच्या लाडवात घालतात ती. तुळशीराम बाजारात ओरडायचा, "वरून आग, आतून लाडू! घ्या मायबाई!"

मायनं त्याच्याकडून आधी बिब्बे घेतले, मग गोडंबी घेतली आणि एका बाजाराच्या दिवशी त्याच्या पोरीची चौकशी करून आली.

"ज्याचा बिबा एवढा गुणाचा," ती मला म्हणाली, "त्याची पोरगी बिनगुणाची असन काय?"

मग आम्ही पोरगी बघायला गेलो. मी, माय आणि भगवानमामा. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. माझे वडील लवकर गेले, तेव्हापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीत बोलायचा हक्क मामाकडे होता, आणि तो हक्क त्यानं कधी वाया जाऊ दिला नाही.

तुळशीरामच्या अंगणात लिंबाखाली शेजारच्या चार बाया बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे एक दगड, हातात हातोडी, बाजूला राखेचं घमेलं. टकटक, टकटक चालू होतं. आम्ही आत आलो तसं ते थांबलं. तुळशीरामची थोरली बहीण गोदाआत्या तंबाखू मळत पुढे आली. द्वारकेची आई नव्हती, तिला या आत्यानंच वाढवलं होतं. तिनं आम्हाला बसूसुद्धा दिलं नाही.

"आधी सांगा, कोणाले बिबा उतते काय?"

बिब्बा उततो म्हणजे त्याचं तेल लागलं, काहींना नुसता वारा लागला, तरी अंग सुजतं, फोड येतात, खाज सुटते. सगळ्यांना नाही होत तसं. पांगरखेडला कोणी पाहुणा आला की पाण्याच्या आधी हा प्रश्न.

मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "आमच्या घराण्यात? हॅ! आमची कातडी म्हशीची हाय. बाई तर बिबा टाचेत भरते."

"अन् पोराले?"

"त्याले फक्त पित्त उठते. हिवाळ्यात. बाकी ठणठणीत."

खरंच मला दर हिवाळ्यात पित्त उठायचं. अंगावर लाल गांधी यायच्या. माय आमसुलाचं पाणी लावायची. ती टाचा भरायची त्याच दिवसांत माझं पित्त उठायचं, हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

गोडंबीचा लाडू आणि दूध झालं. मी पोरगी कधी येते याची वाट बघत होतो, तर गोदाआत्यानं माझ्यापुढे दगड ठेवला आणि हातोडी हातात दिली.

"आमच्यात पोरगी दिसायच्या आधी पोरगा बिबा फोडून दाखवते."

"कशाला?" मामानं विचारलं.

"गोडंबी अख्खी निघाली तर पोरगा धीराचा. चुरा झाला तर घाईचा."

"आमचा पोरगा सायकलचे छर्रे बसवते, आत्याबाई," मामा म्हणाला. "त्याच्या हाताले काय सांगता!"

मी दगडावर बिब्बा ठेवला, दोन बोटांनी धरला आणि घातली हातोडी. कच्चकन आवाज झाला. गोडंबीचं पीठ झालं. तेल उडालं ते माझ्या गालावर, कपाळावर आणि नव्या पांढऱ्या सदऱ्यावर. मी हातानं गाल पुसला.

दाराआडून कोणीतरी मोठ्यानं हसलं. आणि लगेच ओरडलं, "अवं, हात तोंडाले नका लावू!"

द्वारका बाहेर आली. कोणी बोलावलं नव्हतं. नेसलेली साडी नवी होती, पण हात कोपरापर्यंत राखेचे होते. बघायला पाहुणे येणार म्हणून तिला कामावरून उठवलं होतं आणि ती वेळेत उठली नव्हती, हे त्यावरून कळत होतं. तिनं खोबरेल तेलाची वाटी माझ्यापुढे ठेवली.

"तेल लावा. पाण्यानं धुवू नका, पसरते," ती म्हणाली. मग दगडाकडे बघून म्हणाली, "हे तर चटणी झाली."

"घाईचा हाय," गोदाआत्या म्हणाली.

"बिबा पहिल्यांदाच धरला," मी म्हणालो.

"तरी डोये मिटले नाई यानं," द्वारका आत्याला म्हणाली. "मागचा तो मेहकरचा पोरगा डोये मिटून मारत होता."

तिनं माझी बाजू घेतली हे मला तेव्हा कळलं नाही. मायला कळलं. तिनं तिथेच सुपारी घेऊन सोयरीक पक्की केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर डोळे उघडेनात. बोटांनी पापण्या वर केल्या. आरशात कोणीतरी वेगळाच माणूस होता. गाल भोपळ्यासारखे, ओठ बाहेर, कान लाल. हाताला फोड. खाज तर अशी की चाकाच्या तारांनी खाजवावं वाटत होतं.

"पित्त उठलं," माय म्हणाली आणि आमसुलं भिजत घातली.

"नजर लागली," मामा म्हणाला. "पांढरा सदरा घालू नको म्हटलं होतं मी."

मी दुकान उघडलं. गिऱ्हाईक येत, माझ्याकडे बघत आणि विचारत, "मोतीराम कुठं हाय?" मी म्हणायचो, "मीच." मग ते आणखी दोघांना घेऊन येत. पंक्चर काढायचं सोडून लोक माझं तोंड बघायला येऊ लागले. आमसुलाचं पाणी दिवसातून चारदा लावलं, काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी सूज मानेपर्यंत उतरली.

रविवारी बाजार होता. तुळशीराम होणाऱ्या जावयाला भेटायला म्हणून गोडंबीची पुडी घेऊन दुकानात आला. मला बघून तो दारातच थांबला. मग जवळ आला, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं.

"हे पित्त नोहे बाई," तो मायला म्हणाला. "हा माह्या घरचा आहेर हाय."

मायनं कपाळावर हात मारला. तिला एकदम सगळे हिवाळे आठवले असणार.

तुळशीरामनं औषध सांगितलं. तीळ लोण्यात वाटून लेप द्यायचा. मायनं लगेच वाटले आणि माझ्या तोंडाला, हाताला थापले. आग कमी झाली. पण लोण्याच्या वासानं मुंग्या आल्या. मी खाटेवर पडलेलो, तोंडावर तीळ, आणि माय पंख्यानं मुंग्या हाकलते आहे, अशी आमची बैठक बसली. त्या बैठकीत माझ्या लग्नाचा निकाल लागायचा होता.

"चांगल्या कामात बिबा घातला म्हणतात तो हाच," मामानं सुरुवात केली. "तुळशीरामजी, तुमची पोरगी सोन्यासारखी हाय. पण जिच्या हाताले जन्मभर बिबा, तिच्या हातची भाकर खाऊन हा जगन काय?"

मला वाटलं तुळशीराम भांडेल. तो भांडला नाही.

"मीच तेच म्हणणार होतो," तो म्हणाला. "आमच्या गावात एक सून आणली होती. तिले उतत होता. दोन वर्षं सोसलं, मंग माहेरी गेली ते गेलीच. जाणून-बुजून तुमच्या पोराले आगीत कसं टाकू? सुपारी परत घेतो मी."

"पोरीले बिबा सोडायला सांगा ना," माय म्हणाली.

तुळशीराम म्हणाला, "घरात हातोडी धरणारी तेच एक हाय बाई. गोदाले आता दिसत नाई. पोरं लहान हायेत. लगन झाल्यावरही हंगामात येऊन फोडून देईन, असं तिनं मले आधीच सांगून ठेवलं. ते सोड म्हटलं तर ते लगनच सोडन."

"मंग झालं," मामा म्हणाला. "मोडली सोयरीक. दोन्हीकडून राजीखुशी."

"मला पोरगी पसंत आहे," मी खाटेवरून म्हणालो.

"तू चूप!" मामा ओरडला. "तुले डोयानं दिसत नाई अन् म्हणे पसंत हाय!"

"आधी दिसली होती."

"आधी दिसली म्हणूनच आता दिसत नाई!"

मायसुद्धा हसली. पण सुपारी परत गेली. तुळशीराम जाताना माझ्या खाटेजवळ थांबला आणि गोडंबीची पुडी उशाशी ठेवून गेला. लेपाची खपली पडेल म्हणून मला मानही हलवता येत नव्हती.

पुढच्या बाजारापर्यंत सूज उतरली. कातडी सोलली, आतून गुलाबी निघाली. मी दुकानात बसून एका सायकलचं चाक सरळ करत होतो, ते काही सरळ होत नव्हतं. तेवढ्यात दारात सावली पडली. पुढे गोदाआत्या, मागे द्वारका, तिच्याही मागे तुळशीराम मान खाली घालून.

"मायले बोलाव," गोदाआत्या म्हणाली. "अन् त्या म्हशीच्या कातडीवाल्यालेही बोलाव."

घर दुकानामागेच होतं. माय आली, मामा आला. दुकानात बसायला बाक एकच, त्यावर गोदाआत्या बसली. द्वारका उभी राहिली. हात स्वच्छ होते, पण नखांच्या कडा काळ्या होत्या. त्या कशानं निघत नाहीत.

"माह्या हातावर नाव आलं म्हणे," ती मामाला म्हणाली.

मामा गडबडला. पोरगी सरळ आपल्याशी बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं. "तुह्या हातावर नाई पोरी, बिब्यावर."

"बिबा त्याइनं स्वतः फोडला. तेल उडालं ते त्याइच्याच हातोडीनं. माह्या हातानं कुठं काय झालं? हात न तपासताच सोयरीक मोडली."

"तपासायचं कसं?" मामानं विचारलं.

"मी त्याइच्या हातावर हात ठेवते. आठ दिवसांत उतलं तर मीच येत नाई. नाई उतलं तर सुपारी पुन्हा घ्या."

मामा उभाच राहिला. "लग्नाच्या आधी? भर बाजारात? पोरीनं पोराचा हात धरायचा? लोक काय म्हणतील?"

माय म्हणाली, "काहून रे भगवान? कासार बांगड्या भरते तेव्हा कोणाचा हात धरते? आख्ख्या गावाच्या बायांचा धरते. तेव्हा कोणी काही म्हणते काय?"

"तो कासार हाय!"

"हे कासारच समज."

मी बाही वर केली आणि हात ठोकणीच्या टेबलावर ठेवला. कोपराखालचा भाग मऊ असतो, तिथे उततं तर लवकर उततं, असं गोदाआत्या म्हणाली. तिनं कनवटीचं पान काढलं. "हे पान चावून होईस्तोवर हात हलवायचा नाई. दोघांनीबी."

द्वारकेनं हात ठेवला. खरखरीत होता, कानशीसारखा. गोदाआत्या पान चघळू लागली. इतकं हळू पान चघळणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही. मामा वाकून बघत होता. तुळशीराम मात्र पाठ फिरवून उभा होता. उलट्या टांगलेल्या सायकलचं मागचं चाक तो फिरवत होता, थांबलं की पुन्हा फिरवत होता.

"दुखते काय?" द्वारकेनं हळूच विचारलं.

"नाही."

"मंग थरथरता काहून?"

"टेबल डगमगतं."

"मी बिबा सोडणार नाई," ती आणखी हळू म्हणाली. "ते आधी सांगते. दर हंगामात माहेरी जाऊन फोडीन. नको असन तर आत्ता हात काढते."

"नको काढू," मी म्हणालो.

"पुन्हा असं तोंड सुजलं तर?"

"तीळ महाग नाहीत."

ती हसली. मामा ओरडला, "बोलायचं नाई! बोलल्यानं वाफ लागते!" वाफेचा आणि बिब्ब्याचा काय संबंध ते मामालाच माहीत. गोदाआत्यानं पानाची पिंक टाकली आणि परीक्षा संपली.

पुढचे आठ दिवस माझा हात गावाचा झाला. मामा रोज सकाळी चष्मा लावून यायचा. शेजारच्या बाया यायच्या. समोरचा हॉटेलवाला चहा देताना बाही वर करायला लावायचा. चौथ्या दिवशी एक लाल ठिपका दिसला. मामा म्हणाला, "आला!" मायनं चिमटीत धरून बघितला. डास चावला होता. पण ते ठरेपर्यंत माझा जीव गेला होता. रात्री माय झोपली की मी हात नाकाजवळ घेऊन बघायचो, कारण दिव्यात नीट दिसत नव्हतं.

उतलं नाही. रविवारी तुळशीराम आला. मामानं माझा हात त्याच्यापुढे धरला, जसा काही स्वतःच बनवला होता.

"पाहा! म्हटलं नव्हतं मी? म्हशीची कातडी!"

चैत्रात लग्न झालं. हळदीला पांगरखेडच्या बायांना आधी साबणानं हात धुवायला लावले, एवढी खबरदारी मायनं घेतली. तरी कानाच्या पाळीला थोडं उतलंच. फोटोत एक कान मोठा आहे. नातवंडं विचारायची, तेव्हा द्वारका सांगायची, "आजोबाले लहानपणापासून एका कानानंच ऐकू येते."

लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात ती माहेरी गेली आणि तिला आणायला म्हणून मी गेलो. वाऱ्याच्या वरच्या बाजूला, अंगणाच्या पार टोकाला मला खुर्ची दिली होती. तिथून मी पहिल्यांदा तिला काम करताना निवांत बघितलं. उजव्या हातात हातोडी. डाव्या हाताची बोटं राखेत घालायची, बिब्बा उचलायचा, दगडावर धरायचा. टक. टरफल बाजूला, गोडंबी अख्खी टोपलीत. पुन्हा डावा हात राखेत. तेल सगळं डाव्या हातावर. उजव्या हाताला हातोडीच्या दांड्याशिवाय काही लागत नव्हतं.

मी बराच वेळ बघत होतो. मग तिला हाक मारली. ती हात पुसत आली, पण माझ्यापासून चार हातांवर थांबली.

"त्या दिवशी दुकानात," मी विचारलं, "तू कोणता हात ठेवला होतास?"

तिनं पदर तोंडाला लावला.

"द्वारका."

"उजवा."

"आणि बिबा कोणत्या हातानं धरतेस?"

"आता दिसत नाई काय तुम्हाले?"

"हे गोदाआत्याला माहीत होतं?"

"तिनंच तर सांगितलं, उजवा ठेवजो म्हणून. दिसत नाई तिले, पण एवढं दिसते."

"आणि तुझ्या बाबाला?"

"बाबा कुठं पाहत होता? बाबा चाक फिरवत होता."

मी हसलो. मग तिकडे बाया हसायला लागल्या, म्हणजे त्या सगळ्यांनाही माहीत होतं. माझ्या मायला माहीत होतं का, हे मी विचारलं नाही. पण मायच्या टाचा पुढे द्वारकाच भरायची, आणि भरताना माय म्हणायची, "डाव्या हातानं भर गं. त्या हाताले गुण हाय."

"मग डाव्या हाताचं काय करायचं?" मी तेव्हा अंगणात विचारलं.

तिनं थोडा विचार केला. "उजवा तुमचा," ती म्हणाली. "डावा माह्या माहेरचा."

ते तिनं पाळलं. हंगाम असो नसो. भाकरी दोन्ही हातांनीच थापावी लागते, म्हणून थापायच्या आधी ती डाव्या हाताला चिंच, ताक, पीठ असं काय काय चोळत बसायची, तरी वर्षातून एकदोनदा माझा ओठ सुजायचाच. पण माझ्या अंगाला तिनं डावा हात लावला नाही. ताप आला की कपाळावर उजवा. डोक्याला तेल लावायचं तर एका हातानं, त्याला दुप्पट वेळ लागायचा. सायकलवर मागे बसायची तेव्हा उजव्या हातानं माझा खांदा धरायची आणि डावा मांडीवर ठेवायची. पोरांना दोन्ही हातांनी न्हाऊमाखू घालायची. सुभाष आणि त्याची बहीण, दोघांनाही उतत नाही. दोघं तुळशीरामवर गेली.

तिच्या दोन्ही भावांची शिक्षणं त्या डाव्या हातानं झाली. तुळशीराम म्हातारा होऊन गेला, तोवर त्याच्या घरात गोडंबीची टोपली रिकामी राहिली नाही. बोटांच्या कडा काळ्या झाल्या होत्या, तळव्याला भेगा होत्या. आणि मी दर हंगामात कुठेतरी खाजवत असायचो. तीळ आमच्या घरात बारा महिने.

अकोल्याहून आल्यावर ती तीन महिने होती. लोकं भेटायला यायची, ती त्यांना हसवून परत पाठवायची. आवडेल ते खाऊ घाला म्हणाले होते, तर तिनं गोडंबीची भाजी मागितली, आणि ती मी केली. "चटणी झाली," म्हणाली, पण खाल्ली.

आजारपणात वर्षभर तिनं बिब्बा धरला नव्हता. एके दिवशी दुपारी ती उन्हात खुर्चीवर बसली होती आणि माझं लक्ष तिच्या डाव्या हाताकडे गेलं. डाग फिके झाले होते. भेगा बुजल्या होत्या. नखंसुद्धा स्वच्छ झाली होती, दुसऱ्या कोणाचीतरी असावीत अशी. तो हात मी असा कधी पाहिला नव्हता.

"आता तरी दे," मी म्हणालो.

"काय?"

"डावा."

तिनं हात उलटासुलटा करून बघितला. मग पदराखाली घेतला.

"एवढी काय घाई हाय?" ती म्हणाली. "पुढच्या हंगामात देईन. तोवर आणखी साफ होईन."

"घाईचाच आहे मी. आत्यानं सांगितलं होतं."

"माहीत हाय मले," ती म्हणाली आणि हसली, आणि तिला धाप लागली, म्हणून आम्ही ते बोलणं तिथेच सोडलं.

ती पौषात गेली. सकाळ होती. सुभाष पायाशी होता, मुलगी उशाशी. मी सवयीनं तिच्या उजव्या बाजूला बसलो होतो आणि उजवा हात माझ्या हातात होता. नंतर बाया आल्या, त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं, आणि मी गेलो.

आता माघ चालू आहे. पांगरखेडला बिब्बे फोडायला सुरुवात झाली. डावा हात धरायचा राहिला.